सामासिक शब्द जोडून लिहावेत : नॉर्वेजियन भाषेचा दाखला

मा. संपादक यांस,

सविनय नमस्कार.

गोव्यातील मराठी वृत्तपत्रांच्या मथळ्यांत, जाहिरातींत आणि रस्त्याकडेच्या फलकांवर सामासिक शब्द तोडून लिहिण्याची पद्धत दिवसेंदिवस वाढत चालली आहे. ‘पाणी पुरवठा’, ‘बस स्थानक’, ‘मासळी बाजार’, ‘कवी संमेलन’, ‘बाल रोग तज्ज्ञ’, ‘प्लास्टिक मुक्त गाव’ अशी रूपे आता इतकी डोळ्यांखालून जातात की, शाळेत निबंध तपासताना त्यांवर खूण करणाऱ्या शिक्षकालाच विद्यार्थी वृत्तपत्राचे कात्रण पुरावा म्हणून दाखवू लागले आहेत. आपले दैनिक भाषेची काळजी घेणारे आहे, असा माझा अनुभव आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न मी आपल्यापुढे मांडत आहे. सामासिक शब्द जोडून लिहावा, हे आपण व्याकरणात शिकतो. परंतु तो का जोडावा, याचे उत्तर बहुधा ‘तसा नियम आहे’ एवढेच मिळते. मला त्याचे खरे उत्तर मराठीच्या पुस्तकांपेक्षा नॉर्वेजियन भाषेत अधिक स्पष्टपणे सापडले. माझी मुलगी नोकरीनिमित्त नॉर्वेत राहते. तिच्यामुळे मी त्या भाषेचा अभ्यास सुरू केला आणि पुढे तो स्वतःच्या आवडीने चालू ठेवला. त्या भाषेतील शब्द खाली देवनागरीत लिहिले आहेत, ते उच्चाराच्या जवळ जाणारे आहेत, एवढेच समजावे.

नॉर्वेजियन ही जर्मनिक कुळातील भाषा आहे आणि नामाला नाम जोडून नवे नाम घडवणे हा तिचा रोजचा व्यवहार आहे. ‘बार्न’ म्हणजे मूल आणि ‘हागे’ म्हणजे बाग. यांतून ‘बार्नेहागे’ म्हणजे बालवाडी. (ओस्लोकडच्या उच्चारात ‘र’ आणि ‘न’ जवळ आले की त्यांचा आपल्या ‘ण’सारखा एकच ध्वनी होतो, त्यामुळे आपल्या कानाला ‘बार्न’ हा शब्द ‘बाण’ असाच ऐकू येतो.) ‘यॅर्न’ म्हणजे लोखंड आणि ‘बाने’ म्हणजे मार्ग, ‘यॅर्नबाने’ हा त्यांचा लोहमार्ग. त्याला ‘स्ताशून’ हा शब्द जोडला की ‘यॅर्नबानेस्ताशून’ हे रेल्वेस्थानक तयार होते. असे समास बोलता बोलता घडतात, कोणत्याही शब्दकोशात ते सगळे मावत नाहीत, आणि कितीही घटक असले तरी शब्द एकच, मध्ये मोकळी जागा नाही.

हा ‘एकच शब्द’ मुळात कानाने ठरतो. नॉर्वेजियनच्या मूळच्या शब्दांत आघात, म्हणजे उच्चारातला जोर, बहुतेक वेळा पहिल्या अक्षरावर पडतो. दोन शब्दांचा समास झाला की मुख्य आघात पूर्वपदावर (पहिल्या शब्दावर) राहतो आणि उत्तरपदाचा (दुसऱ्या शब्दाचा) आघात दुय्यम होतो. तो नाहीसा होत नाही, पण दबतो. बाहेरून आलेल्या शब्दांत आघात शेवटाकडे असतो, जसे ‘स्ताशून’ हा शब्द एकटा असताना जोर ‘शून’वर असतो, पण ‘यॅर्नबानेस्ताशून’ म्हणताना मुख्य जोर ‘यॅर्न’वर जातो आणि ‘शून’ला दुसरा मान मिळतो. पूर्वपदच परके असेल, जसे ‘विद्यापीठ ग्रंथालय’ या अर्थाच्या त्यांच्या समासात आहे, तर मुख्य जोर त्या पूर्वपदाच्या स्वतःच्या आघातयुक्त अक्षरावर म्हणजे ‘उनिव्हर्सितेत’मधल्या ‘तेत’वर राहतो. तात्पर्य, समासाचा आघात पहिल्या अक्षराला बांधलेला नसून पूर्वपदाला बांधलेला असतो.

याने अर्थ कसा बदलतो ते पाहण्यासारखे आहे. ‘नॉर्स्क लॅरर’ असे दोन शब्द, प्रत्येकावर स्वतःचा आघात देऊन म्हटले, तर त्याचा अर्थ राष्ट्रीयत्वाने नॉर्वेजियन असलेला शिक्षक असा होतो; मग तो गणित शिकवो की संगीत. ‘नॉर्स्कलॅरर’ असे पूर्वपदावर जोर देऊन एका झेपेत म्हटले, तर अर्थ नॉर्वेजियन भाषा शिकवणारा शिक्षक; मग तो जन्माने गोमंतकीय असला तरी चालेल. बोलताना आवाज हा फरक करतो. कागदावर आवाज नसतो. तेथे तोच फरक करण्याचे काम दोन शब्दांमधली मोकळी जागा, किंवा तिचा अभाव, करतो. नॉर्वेच्या शाळांत मुलांना सांगतात की लिहिताना शंका आली तर शब्द मोठ्याने म्हणून पाहावा : आघात एक ऐकू आला तर जोडावे, दोन ऐकू आले तर सुटे लिहावे.

आघाताबरोबर सूरही असतो. युरोपातील फार थोड्या भाषांत शब्दाचा सूर अर्थभेद करतो आणि नॉर्वेजियन त्यांपैकी एक आहे. ‘शेतकरी’ या अर्थाचा अनेकवचनी शब्द आणि ‘शेंगांतले दाणे’ या अर्थाचा अनेकवचनी शब्द, दोन्ही कानाला ‘ब्योन्नर’ असेच येतात. लिहिण्यात पहिल्यात एक न उच्चारला जाणारा ‘ड’ असतो, पण बोलण्यात त्यांना वेगळे ठेवतो तो केवळ सूर. समासात मात्र कितीही घटक असले तरी संपूर्ण शब्दावर मिळून सुराची एकच लहर येते. काही बोलींत, विशेषतः उत्तरेकडच्या काही भागांत, हा सुरांचा भेद नाही. आघाताची व्यवस्था मात्र तेथेही समास ओळखू देते.

समासातील स्वर, म्हणजे उच्चारातला सुराचा चढउतार, चुकला की अर्थ चुकतो, ही गोष्ट आपल्या परंपरेला नवीन नाही, किंबहुना तिचे सर्वांत जुने आणि सर्वांत गंभीर उदाहरण आपल्याकडचेच आहे. इंद्राने आपल्या पुत्राचा वध केला त्याचा सूड घेण्यासाठी त्वष्टा या देवांच्या कारागिराने यज्ञ केला आणि ‘इन्द्रशत्रु’ वाढो, असे म्हटले. त्याच्या मनात होता तत्पुरुष : इंद्राचा शत्रू, म्हणजे इंद्राला मारणारा. त्यासाठी समासाच्या शेवटच्या अक्षरावर उदात्त, म्हणजे उंच, स्वर हवा होता. तो पडला पूर्वपदाच्या पहिल्या अक्षरावर, आणि समास बहुव्रीही झाला : इंद्र हा ज्याचा शत्रू, म्हणजे ज्याला इंद्र मारणार, असा. त्या यज्ञातून वृत्र हा असुर जन्मला आणि इंद्राच्या हातून मारला गेला. पतंजलीने व्याकरण का शिकावे हे सांगताना याच कथेचा दाखला घेतला आहे, आणि पाणिनीने समासांच्या स्वरांचे नियम अष्टाध्यायी या आपल्या व्याकरणग्रंथात सविस्तर बांधून दिले आहेत : सामान्यतः समास अन्तोदात्त, म्हणजे शेवटचे अक्षर उदात्त, बहुव्रीहीत मात्र पूर्वपदाचा मूळ स्वर कायम. वैदिक भाषेतील ती स्वरव्यवस्था पुढे लोप पावली आणि मराठीपर्यंत पोचली नाही. नॉर्वेजियन ऐकताना मला ती कथा प्रथमच कानाने समजली. तोपर्यंत ती मला केवळ पाठ होती.

मात्रांचा, म्हणजे उच्चाराच्या लांबीचा, विचारही यात येतो. नॉर्वेजियनमध्ये आघातयुक्त अक्षर गुरूच (लांबच) असावे लागते : एक तर त्यातला स्वर दीर्घ, नाही तर त्यानंतरचे व्यंजन दीर्घ. ‘ताक’ म्हणजे छप्पर, यात ‘आ’ लांब. ‘ताक्क’ म्हणजे आभार, यात ‘आ’ आखूड आणि ‘क’ लांब. समासात उत्तरपद आपली ही लांबी सोडत नाही. ‘हूस’ म्हणजे घर. ‘हूसताक’ म्हणजे घराचे छप्पर, आणि त्यात ‘ऊ’ही लांब राहतो व ‘आ’ही. दुय्यम का होईना, आघात शिल्लक असल्याची ही खूण आहे, आणि ऐकणाऱ्याला सांधा कोठे आहे ते तिच्यावरून कळते.

मराठीत याच्या जवळपास उलट घडते आणि तेही तितकेच बोलके आहे. ‘मीठ’ आणि ‘आगर’ यांचे ‘मिठागर’ झाले की पूर्वपदातला दीर्घ ‘ई’ ऱ्हस्व होतो. ‘मीठ’मधली ‘ई’ दीर्घ आहे ती शब्दाच्या शेवटाजवळ आहे म्हणून. समासात शब्दाचा शेवट पुढे सरकला की तिला दीर्घ राहण्याचे कारण उरत नाही. म्हणजे मराठी कान ‘मिठागर’ हा एकच शब्द धरतो आणि त्याच्या ऱ्हस्वदीर्घाची मोजणी नव्याने करतो. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांत, म्हणजे १९६२ साली मान्य झालेल्या आणि १९७२ मध्ये भर पडलेल्या अठरा नियमांत, हीच दृष्टी आहे. ‘कवी’ एकटा असताना दीर्घ, ‘कविसंमेलन’मध्ये ऱ्हस्व, ‘विद्यार्थी’ एकटा असताना दीर्घ, ‘विद्यार्थिमंडळ’मध्ये ऱ्हस्व, ‘पक्षी’ एकटा असताना दीर्घ, ‘पक्षिमित्र’मध्ये ऱ्हस्व. आता जो कोणी हा शब्द तोडून लिहितो त्याने काय करावे? ‘कवि संमेलन’ लिहिले तर सुटा ‘कवि’ नियमाने अशुद्ध. ‘कवी संमेलन’ लिहिले तर समासच उरत नाही, दोन प्रथमेची नामे शेजारी शेजारी उभी राहतात. गोव्यात वर्षभर कोठे ना कोठे कविसंमेलने होत असतात आणि त्यांच्या निमंत्रणपत्रिकांत ही दोन्ही रूपे आलटून पालटून दिसतात. मोकळी जागा आधी चुकते आणि तिच्यापाठोपाठ वेलांटी चुकते, एवढे तरी मुद्रितशोधकांनी ध्यानात घ्यावे.

पूर्वपदाचे रूप बदलण्याच्या बाबतीत तर दोन्ही भाषा बहिणी वाटाव्यात इतक्या जवळ आहेत. ‘लान’ म्हणजे देश किंवा भूमी (लिहिताना शेवटी ‘ड’ असतो, तो उच्चारत नाहीत). त्यापासून ‘लानब्रूक’ म्हणजे शेती, ‘लान्सब्यू’ म्हणजे खेडे आणि ‘लानेवेई’ म्हणजे गावाबाहेरून जाणारा मोठा रस्ता. एकाच शब्दाची तीन पूर्वरूपे : एक जशास तसे, एक ‘स’ घेऊन, एक ‘ए’ घेऊन. कोठे कोणते यायचे याचा पक्का नियम सर्व ठिकाणी सांगता येत नाही. तो जिभेला माहीत असतो. तरी एक सूत्र सुंदर आहे. ‘व्हीनग्लास’ म्हणजे वाइनचा पेला, यात दोन पदांना जोडणारे वेगळे अक्षर नाही. पण ‘र्‍योव्हीन’ म्हणजे लाल वाइन, हा स्वतःच समास असल्यामुळे त्याला ‘ग्लास’ जोडताना मध्ये ‘स’ येतो आणि शब्द होतो ‘र्‍योव्हीन्सग्लास’. पूर्वपद आधीच समास असेल तर मोठा सांधा कोठे आहे हे तो ‘स’ पुष्कळ वेळा दाखवून देतो. लाल आहे ती वाइन, पेला नव्हे, हे एका अक्षराने निश्चित होते. आपल्याकडे ‘घोडा’ पाहा : ‘घोडागाडी’, ‘घोडदौड’, ‘घोडेस्वार’. ‘पाणी’ पाहा : ‘पाणीपट्टी’, पण ‘पाणपोई’ आणि ‘पाणवठा’. ‘सोने’ आणि ‘सोनचाफा’. ‘घोड’, ‘पाण’, ‘सोन’ ही रूपे समासाबाहेर एकटी जगू शकत नाहीत, म्हणून ‘घोड दौड’ असे कोणी लिहीत नाही. तोडण्याचा मोह होतो तो पूर्वपद योगायोगाने स्वतंत्र शब्दासारखेच दिसते तेव्हा : पाणी पुरवठा, बस स्थानक. व्याकरण दोन्हीकडे एकच असताना एक जोडायचा आणि दुसरा तोडायचा याला आधार नाही. ‘खाणबंदी’ हा शब्द २०१२ पासून गोव्यातील प्रत्येकाच्या तोंडी आहे आणि तो सर्व जण जोडूनच लिहितात. त्याच बातमीत पुढे ‘खाण व्यवसाय’ तोडलेला असतो.

समासाचे लिंग आणि वचन उत्तरपद ठरवते, हेही दोन्हीकडे सारखेच. ‘बार्न’ नपुंसकलिंगी असूनही ‘बार्नेहागे’ पुल्लिंगी, कारण ‘हागे’ पुल्लिंगी. ‘घोडा’ पुल्लिंगी असूनही ‘घोडागाडी’ स्त्रीलिंगी. आपल्या व्याकरणातील समासांची नावेही त्या भाषेला सहज लागू पडतात. त्यांच्याकडचा तांबड्या गळ्याचा एक छोटा पक्षी आहे, त्याचे नाव ‘र्‍योस्त्रूपे’, म्हणजे लाल कंठ. ‘लाल आहे कंठ ज्याचा तो’ असाच त्याचा विग्रह, आपल्या ‘नीलकंठा’सारखा सरळ बहुव्रीही. ‘स्योतसूर’ म्हणजे आंबटगोड. पदांचा क्रम तेवढा उलटा.

नॉर्वेतही आज समास तोडून लिहिण्याची चूक फोफावली आहे आणि तिच्याविषयी तेथील वाचक वृत्तपत्रांना तक्रारीची पत्रे पाठवतात. ‘सुटे लिहिणे’ या अर्थाचा ‘सॅर्स्क्रीव्हिंग’ असा शब्दच त्यासाठी रूढ आहे. तेथील नेहमी दिली जाणारी उदाहरणे सांगण्यासारखी आहेत. ‘रॉयकफ्रित’ असे जोडून लिहिले तर ‘धूम्रपानमुक्त’. ‘रॉयक फ्रित’ असे तोडले तर ‘मोकळेपणाने धूम्रपान करा’ अशी आज्ञा. ‘अनानासरिंगर’ म्हणजे अननसाच्या गोल चकत्या. तोडले तर ‘अननस फोन करतो’ असा अर्थ होतो. कोंबडीच्या काळजाचा शब्द तोडला तर ‘कोंबडी जिवंत आहे’ असे वाक्य तयार होते. बोलताना यांपैकी एकाही ठिकाणी घोटाळा होत नाही, कारण आघात अर्थ सांभाळतो. घोटाळा केवळ कागदावर होतो. या चुकीचे कारण म्हणून तेथे इंग्रजीच्या प्रभावाकडे बोट दाखवतात, कारण इंग्रजीत समासाचे घटक पुष्कळदा सुटे लिहितात. दुसरे कारण संगणकाचे आहे : कोशात नसलेला लांब समास लिहिला की त्याखाली लाल रेघ उमटते आणि तो तोडला की रेघ जाते, म्हणून लिहिणारा तो तोडून मोकळा होतो. ही दोन्ही कारणे आपल्याकडेही तंतोतंत हजर आहेत. इंग्रजी मजकूर समोर ठेवून मराठी जाहिरात तयार होते तेव्हा तिथली मोकळी जागाही इकडे उतरते.

आता या पत्राचा जो मुख्य मुद्दा आहे तो सांगतो. नॉर्वेजियनमध्ये समास ओळखायला बोलण्यात आघाताचा भक्कम आधार आहे. मराठीत आघात अर्थभेद करण्याइतका ठळक नाही. ‘बालरोगतज्ज्ञ’ हा शब्द आपण कसाही उच्चारला तरी केवळ जोरावरून ‘बालकांच्या रोगांचा तज्ज्ञ’ आणि ‘बाल असलेला रोगतज्ज्ञ’ हा भेद कानाला कळणार नाही. ज्या भाषेत आवाज समासाची इतकी राखण करतो तिच्यातही तो जोडून लिहिण्याबद्दल लोक एवढे दक्ष आहेत. मग ज्या भाषेत आवाजाचा आधार क्षीण आहे, तिने तर लेखनातला हा एकमेव स्पष्ट आधार अधिकच जपायला हवा. ‘धूम्रपान मुक्त क्षेत्र’ हा फलक मी फोंड्यापासून पणजीपर्यंत अनेक ठिकाणी पाहिला आहे. ‘मुक्त’ या शब्दाचे ‘पासून सुटलेले’ आणि ‘निर्बंध नसलेले’ असे दोन्ही अर्थ मराठीत चालतात, तेव्हा तोडून लिहिलेल्या त्या फलकाचा अर्थ नॉर्वेतल्या फलकाइतकाच उलटा लावता येतो. ‘माजी विद्यार्थी संघ’ म्हणजे माजी विद्यार्थ्यांचा संघ की पूर्वी असलेला विद्यार्थ्यांचा संघ, हे त्या तीन सुट्या शब्दांवरून सांगता येत नाही. नॉर्वेजियनमध्ये तो एक ‘स’ हे काम करतो, आपल्याला ते लेखनानेच करावे लागेल.

मराठी कानाला समासाचा सांधा कळत नाही, असे मात्र कोणी समजू नये. आपण ‘जनगणना’ हा शब्द ‘जन्-गणना’ असा उच्चारतो, ‘जनग्-णना’ असा कधीही नाही. ‘जलतरण’ हा ‘जल्-तरण’ असाच येतो. कोणते ‘अ’ गाळायचे आणि कोणते ठेवायचे हे जीभ सांधा पाहून ठरवते. दुसरी कसोटी अशी की समासाच्या पोटात तिसरा शब्द घालता येत नाही : ‘नियमित पाणीपुरवठा’ म्हणता येते, ‘पाणी नियमित पुरवठा’ म्हणता येत नाही. जे बोलताना फोडता येत नाही ते लिहिताना फोडू नये.

जोडून लिहिण्याने आणखी एक गोष्ट साधते, ती म्हणजे शब्दाला स्वतःचा अर्थ येतो. नॉर्वेजियन लोकांनी शीतकपाटाला ‘थंड करणे’ आणि ‘कपाट’ या दोन घरगुती शब्दांचा समास केला, दंतवैद्याला ‘दात’ आणि ‘वैद्य’ यांचा, शब्दकोशाला ‘शब्द’ आणि ‘पुस्तक’ यांचा. नवी वस्तू आली की ते जुन्या शब्दांच्या गाठी मारतात आणि चौथीतल्या मुलालाही तो शब्द प्रथम ऐकताच कळतो. आपणही हे करत होतो. ‘आगगाडी’, ‘आगबोट’, ‘आगपेटी’, ‘पाणबुडी’ हे शब्द याच रीतीने घडले आणि त्यांसाठी कोणाला संस्कृत धातूंकडे जावे लागले नाही. गोव्यात ‘शिगमोत्सव’ हा शब्द तर एका देशी नामाला संस्कृत संधीचा नियम लावून लोकांनी बेधडक रूढ केला, आणि मला त्याचे कौतुकच वाटते. ‘आग गाडी’ अशी सुटी लिहिली असती तर ती गाडी ‘आगगाडी’ झाली असती का, याविषयी मला शंका आहे. घटक वेगळे दिसत राहिले की वाचणारा प्रत्येक वेळी त्यांचा वेगवेगळा अर्थ लावतो, नवा अर्थ बसतच नाही.

गोव्याच्या संदर्भात नॉर्वेची आणखी एक बाब सांगावीशी वाटते. त्या देशात एकाच भाषेची दोन अधिकृत लेखनरूपे आहेत. डेन्मार्कशी असलेला शेकडो वर्षांचा संबंध १८१४ मध्ये तुटल्यावर एक प्रवाह डॅनिश लेखनाला हळूहळू नॉर्वेजियन वळण देत गेला. दुसरा ईव्हार ओसेन (१८१३ ते १८९६) या अभ्यासकाने खेडोपाडी फिरून जमवलेल्या बोलींच्या आधारे उभा केला. १९२९ पासून त्यांना अनुक्रमे ‘बूकमोल’ आणि ‘न्यूनॉर्स्क’ म्हणतात. ही दोन नावेही समासच आहेत, एक ‘पुस्तकभाषा’ आणि दुसरे ‘नव-नॉर्वेजियन’. या दोन रूपांच्या पुरस्कर्त्यांत तेथे पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. ‘रुग्णालय’ या शब्दाचे पूर्वपदसुद्धा दोन्हीकडे वेगळे आहे. परंतु समास जोडून लिहावा यावर दोघांचे पूर्ण एकमत आहे. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्यानंतर कोकणी आणि मराठी या दोन्ही भाषा देवनागरीत शासकीय व्यवहारात येतात आणि येथील मूल एकाच दिवसात दोन्ही भाषांचे मथळे वाचते. भाषावादाबद्दल कोणाचे काहीही मत असो, समास जोडण्याची रीत दोन्हीकडे एकच राहिली तर त्या मुलाचे वाचन सोपे होईल, आणि यात कोणालाही आपली भूमिका सोडावी लागणार नाही.

आपल्या दैनिकाने काय करावे याविषयी माझी विनंती मर्यादित आहे. दोन पदांचा समास निरपवाद जोडून छापावा : पाणीपुरवठा, बसस्थानक, मासळीबाजार, प्लास्टिकमुक्त, धूम्रपानमुक्त. ‘बसस्थानक’मध्ये दोन ‘स’ शेजारी येतात म्हणून बिचकू नये. नॉर्वेजियनमध्येही ‘बुस्स’ आणि ‘स्ताशून’ यांच्या जोडणीत तीन ‘स’ एकत्र येऊ लागतात, तेव्हा ते एक ‘स’ गाळतात, पण शब्द तोडत नाहीत. तीन किंवा अधिक पदे असतील आणि शब्द डोळ्यांना जड होत असेल तर मोठ्या सांध्यावर संयोगचिन्ह द्यावे, नाही तर सरळ विग्रह करावा : ‘माजी विद्यार्थ्यांचा संघ’ हे कोणत्याही जोडणीपेक्षा स्वच्छ आहे. संस्थांची नोंदणीकृत नावे त्यांच्या त्यांच्या रूपात राहू द्यावीत, त्यांत बदल करण्याचा अधिकार आपल्याला नाही. ‘शाळे जवळ’, ‘मंदिरा समोर’ असे शब्दयोगी अव्यय तोडण्याचा प्रकार वेगळ्या सदरात मोडतो, परंतु ‘शाळे’ हे रूप एकटे उभे राहू शकत नाही एवढे ध्यानात घेतले तरी तो थांबेल.

आपल्या अरुंद स्तंभांत ओळीच्या शेवटी शब्द तुटतो, त्याचाही विचार व्हावा. मांडणीचे संगणक शब्द कोठेही तोडतात आणि ‘जनग-णना’, ‘पाणीपु-रवठा’ अशी रूपे छापली जातात. समास ओळीअखेर तोडायचाच असेल तर तो सांध्यावर तोडावा : ‘जन-गणना’, ‘पाणी-पुरवठा’. नॉर्वेजियन लेखनात हाच दंडक आहे, इतका की जोडताना गाळलेला तो तिसरा ‘स’ ओळीअखेर शब्द तोडताना पुन्हा लिहितात. गोव्याच्या बातम्यांत वारंवार येणाऱ्या समासांची, त्यांच्या सांध्यांसह आणि ऱ्हस्वदीर्घासह, एक यादी मी करू लागलो आहे. आपल्या मुद्रितशोधकांना ती उपयोगी वाटल्यास पूर्ण करून विनामूल्य देण्यास मी तयार आहे. त्यांच्याकडून आणखी शब्द आले तर तीत भर घालता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मराठी शिक्षक
फोंडा, गोवा